काढून टाकला तरी परत येणारा बॅकडोअर : संगणक स्वच्छ झाला असे केव्हा मानावे?

परळकरीण :

आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये आहे. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंचात, आणण्यासाठी मी गेल्या आठवड्यात एका संकेतस्थळावरून फुकट मिळणारे कन्व्हर्टर लॅपटॉपवर उतरवून घेतले. झिप फाइलला पासवर्ड होता आणि तो शेजारीच लिहिलेला होता. शिवाय 'अँटिव्हायरस या सॉफ्टवेअरला चुकून अडवतो, म्हणून तो थोडा वेळ बंद ठेवावा' अशी सूचना होती. ती मी पाळली, हे सांगताना संकोच वाटतो. चार दिवसांनी विंडोजमधील अँटिव्हायरस असलेल्या डिफेंडरने 'बॅकडोअर:एमएसआयएल/ब्लाडाबिंदी' असे नाव दाखवले. मी ते काढून टाकले, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी तेच नाव पुन्हा आले आणि तेव्हापासून हा क्रम रोज चालू आहे. याच लॅपटॉपवरून वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचे व्यवहार होतात आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेले आहेत. हा प्रोग्राम नेमके काय करतो आणि सर्व काही न पुसता तो जाऊ शकतो का, हे कृपया सांगावे.

जुळारी :

प्रथम वायफाय बंद करा. पासवर्ड या लॅपटॉपवरून मुळीच बदलू नका, कारण हा प्रोग्राम कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवू शकतो आणि नवा पासवर्डही जुन्याच वाटेने जाईल. वडिलांच्या बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड फोनवरून, तोही शक्यतो मोबाइल डेटा वापरून, आजच बदला.

डिफेंडरने दिलेल्या नावाचे तीन भाग असतात. पहिला प्रकार सांगतो (येथे बॅकडोअर, म्हणजे दूरच्या माणसाला संगणकात शिरू देणारे मागचे दार), दुसरा भाग तो प्रोग्राम कोणत्या व्यवस्थेवर चालतो ते सांगतो (येथे 'एमएसआयएल', म्हणजे मायक्रोसॉफ्टची डॉटनेट व्यवस्था) आणि तिसरा कुळ सांगतो. हे कुळ 'एनजेरॅट' या नावानेही बऱ्याच वर्षांपासून ओळखले जाते. कळा टिपणे, ब्राउझरमधील पासवर्ड उचलणे, कॅमेरा उघडणे, फाइली नेणे आणि आणणे ही त्याची कामे. 'बॅकडोअर' या नावामुळे कोणीतरी बाहेरून दार ढकलत असेल असे वाटते, पण घरातील राउटर बाहेरून आलेली अनाहूत जोडणी सहसा आत घेतच नाही. म्हणून असा प्रोग्राम आतूनच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि हुकमाची वाट पाहतो. राउटरच्या दृष्टीने ती आपणच उघडलेल्या एखाद्या पानासारखी साधी बाहेर जाणारी जोडणी असते, त्यामुळे तो तिला अडवत नाही.

आता तो रोज परत का येतो, याविषयी. आपण कन्व्हर्टर चालवताना त्याला प्रशासकाचे अधिकार दिले असतील, तर त्याने डिफेंडरच्या अपवादांच्या यादीत स्वतःचे फोल्डर घालून ठेवले असण्याची दाट शक्यता आहे. तसे झाले असल्यास मूळ फाइल त्या फोल्डरमध्ये सुखरूप राहते, एखादे ठरावीक वेळचे काम तिची नवी प्रत बाहेर काढते आणि डिफेंडर बिचारा रोज ती प्रतच पकडत बसतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये खाली 'एक्सक्लूजन्स', म्हणजे हीच अपवादांची यादी, आहे. तेथे आपण न घातलेले काही दिसले तर ठिकाण लिहून घ्या आणि मग ती नोंद काढा. त्यानंतर ठरावीक वेळची कामे दाखवणारा टास्क शेड्यूलर पाहा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातील 'ऑटोरन्स' हे साधन मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळते. ते दुसऱ्या संगणकावर उतरवून आणले, तर लॅपटॉप सुरू होताना आपोआप चालणारे जवळजवळ सर्व काही एकाच ठिकाणी दिसते. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी आवाक्यात येते. नावावर विसंबू नका. 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजच्या स्वतःच्या एका प्रोग्रामचे नाव कोणीही धारण करू शकतो. खरा विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये राहतो, वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये नव्हे. संशयित प्रक्रिया टास्क मॅनेजरमधून घाईने बंद करू नका, कारण या कुळाच्या काही आवृत्त्या स्वतःला अत्यावश्यक प्रक्रिया म्हणून नोंदवतात आणि त्या बंद करताच निळा पडदा येऊन विंडोज कोलमडते.

हे सारे झाल्यावर डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करावी. तिला साधारण १५ मिनिटे लागतात. ती विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालते, त्यामुळे लपलेल्या प्रोग्रामला आड येण्याची संधी राहत नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. फॉन्टचे रूपांतर म्हणजे एका अक्षरसंचाची दुसऱ्याशी घातलेली जोडी. ब्राउझरमध्ये मजकूर चिकटवून हे काम होते. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करण्याचे काहीच कारण नव्हते.

लोकलमधला :

वरील माहिती उपयुक्त आहे, मात्र तिच्या रोखाशी मी सहमत नाही. ऑटोरन्समध्ये काही दिसले नाही याचा अर्थ काही उरले नाही असा होत नाही. ज्याच्या हाती चार दिवस प्रशासकाचे अधिकार होते, त्याने पहिल्या प्रोग्रामखेरीज दुसरा कोणता आणून ठेवला, हे घरबसल्या सिद्ध करता येत नाही. ज्या यंत्रावरून निवृत्तिवेतनाचे व्यवहार होतात, तेथे मी विंडोज नव्यानेच बसवीन. त्यासाठी दुसऱ्या, निर्दोष संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा, लॅपटॉप त्यावरून सुरू करावा आणि जुने विभाग पुसून टाकावेत. 'रिसेट' करताना 'फाइली ठेवा' हा पर्याय निवडण्यात अर्थ नाही.

आधी मजकूर, छायाचित्रे आणि पीडीएफ तेवढे बाहेर काढा. चालणारी कोणतीही फाइल नको. विंडोज मूळच्या मांडणीत फाइलींचे परिचित विस्तार लपवते, त्यामुळे 'स्मरणिका.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल केवळ 'स्मरणिका.पीडीएफ' दिसू शकते. ते लपवणे आधी बंद करा.

बोरिवलीची :

पासवर्ड बदलले तरी ब्राउझरमधील कुकी, म्हणजे आपण खात्यात आधीच शिरलो आहोत हे संकेतस्थळाला सांगणारी नोंद, चोरीला गेली असेल, तर खात्यातील जुने सत्र काही वेळा चालूच राहते. म्हणून ईमेल खात्यात जाऊन सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरा, दोन पायऱ्यांची पडताळणी सुरू करा आणि टपाल दुसऱ्या पत्त्यावर परस्पर पाठवण्याचा नियम कोणी घालून ठेवला आहे का, ते पाहा. हे शेवटचे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बँकेलाही आजच कळवा. पैसे गेल्याचे दिसले तर पुसण्याच्या आधी डिफेंडरच्या इतिहासाची छायाचित्रे फोनने काढा आणि विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनेही आहेत, परंतु ती नव्या स्थापनेला पर्याय नाहीत.

परळकरीण :

सर्वांचे आभार. एक्सक्लूजन्समध्ये अ‍ॅपडेटामधील एक फोल्डर खरोखरच निघाले. टास्क शेड्यूलरमध्ये सकाळी नऊचे एक काम होते आणि डिफेंडरची सूचना रोज त्याच सुमारास येत असे. ते पाहिल्यावर वाद उरला नाही. विंडोज नव्याने बसवत आहे. बँकेला कळवले असून खात्यातून काही गेलेले नाही. मात्र मधल्या काळात याच लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्ह मी लालबागच्या छापखान्यात दिला होता. त्याचे काय करावे?

जुळारी :

छापखान्यात आजच दूरध्वनी करा. हे कुळ पेनड्राइव्हवर स्वतःची प्रत ठेवते आणि शेजारी शॉर्टकट तयार करते. तो शॉर्टकट उघडला असेल तर त्यांचा संगणकही आपल्याच मार्गाने गेला असेल. त्यांनी पेनड्राइव्ह यंत्रापासून काढून ठेवावा, प्रथम तेथील एक्सक्लूजन्स पाहावेत आणि मग ऑफलाइन तपासणी करावी. स्मरणिकेचा मजकूर त्यांना ईमेलने, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, दुसऱ्या संगणकावरून पाठवा.