बोटीचा चालू ऑटोपायलट कशाला काढताय?
सुकाणू आपोआप धरणारा तुमचा पायलट नीट चालतोय, फक्त प्लॉटर (नकाशा दाखवणारा स्क्रीन) गेलाय, तर सगळंच उपटून नवं बसवा म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका हो. जुना पायलट एनएमईए ०१८३ वाला (बोटीवरच्या उपकरणांची एकमेकांशी बोलायची जुनी पद्धत) असेल, नवा प्लॉटर एनएमईए २००० वाला (नवी पद्धत), मध्ये एक कन्व्हर्टर टाकला की बहुतेक वेळा भागतं. एनएमईए २००० च्या बॅकबोनच्या (मुख्य केबलच्या) दोन्ही टोकांना टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर) हवेतच, पॉवर बंद करून डेटाच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावा, ६० ओहमच्या आसपास आलं तर ठीक, १२० दाखवलं तर एक टर्मिनेटर गायब आहे. आणि आधी पॉवरची वायर सोलून बघा, आतलं तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर कितीही भारी प्लॉटर घ्या, इंजिनला स्टार्टर मारला की तो रीस्टार्ट होणार. खाऱ्या हवेत टिन्ड (कथिलाचा मुलामा दिलेली) वायरच टाका, महाग पडते पण इलाज नाही. हलमधला (बोटीच्या तळातला) ट्रान्सड्यूसर, म्हणजे खोली मोजणारा सेन्सर, बोट बाहेर काढाल तेव्हाच बदला.