मदत हवी: पेप्टाइड पाण्यात विरघळतं, पीबीएस (पीएच स्थिर ठेवणारं मीठ-फॉस्फेटचं बफर) टाकलं की ताकासारखं पांढरं

नमस्कार मंडळी, यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सी मायक्रो करतोय, कपाशीच्या करप्याच्या जिवाणूवर अँटिमायक्रोबियल पेप्टाइड (जंतू मारणारी अमिनो अ‍ॅसिडची छोटी साखळी) चालतं का ते बघायचंय. एकेक मिलिग्रॅमच्या पाच बाटल्या बाहेरून बनवून घेतल्या, त्यातच खिसा रिकामा. तेरा अमिनो अ‍ॅसिडचं आहे, लायसिन चार, ट्रिप्टोफॅन तीन.

काल एक बाटली डिस्टिल्डमध्ये विरघळवली, बोटाने टिचक्या मारल्या अन् मिनिटभरात आरपार. मग सर म्हणाले पीबीएसच घे, म्हणून त्यातच तेवढं पीबीएस ओतलं तर ट्यूब पांढरीफटक झाली न राजेहो! पीएच ७.४ च आहे, लिटरला मीठ ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, डायसोडियम फॉस्फेट १.४४, मोनोपोटॅशियम ०.२४, सगळं मोजून. आता सेंट्रिफ्यूज करून वरचं वापरू का, की डीएमएसओ (पाण्यात न विरघळणाऱ्यासाठीचं सॉल्व्हंट) टाकू? अन् इकडे लाइटचा भरवसा नाही, फ्रीजरमधलं दिवसातून दोनदा वितळते, ठेवू कुठे? उरल्या चार बाटल्या, माहे हात थरथरून राह्यले.

बफरवाली: पीबीएस कशात बनवलं? बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम असेल तर फॉस्फेटच खाली बसतं.

कपाशीवाला: नाही ताई, बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड. नुसतं पीबीएस रात्रभर ठेवलं, काचेसारखं आहे.

बफरवाली: मग पेप्टाइडच गोळा होतंय. लायसिनच्या प्लस चार्जमुळे पाण्यात रेणू एकमेकाला ढकलतात, मीठ तो चार्ज झाकतं, फॉस्फेट वरून चिकटतं, की ट्रिप्टोफॅनला ट्रिप्टोफॅन भेटलंच. वरचं वापरू नको बाप्पा, त्यात किती उरलं कोणाला ठाऊक, एमआयसी (जिवाणूची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण) खोटीच निघणार. स्टॉक (मूळ दाट द्रावण) ०.०१ टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये कर, पॉलिप्रोपिलीन ट्यूबमध्ये, काचेला असली पेप्टाइडं चिकटतात. बफर पाहिजेच तर मीठ न टाकता १० मिलिमोलर फॉस्फेट घे, अन् हलवत हलवत बफरमध्ये स्टॉकचा थेंब सोड, तू उलटं केलंस. डीएमएसओ नको टाकू, हे पाण्यात विरघळतंय न!

फ्रीजरचं म्हणशील तर पावडर कोरडीच राहू दे, लागेल तेव्हा एकच बाटली काढ, अन् खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नको, ओल धरते. सोडियम फॉस्फेट गोठताना पीएच पण खाली येतो, म्हणून बफरमध्ये गोठवून ठेवूच नको.

कपाशीवाला: आधी एका थेंबावर पाहतो. कंट्रोलच्या वेलमध्ये (प्लेटच्या बिनपेप्टाइडच्या खड्ड्यात) काय, नुसतं अ‍ॅसेटिक?

बफरवाली: हो, तेच, तेवढंच.