जोडीदार: धर्म एक हवा की माणूस सरळ हवा?

मांडवीची_मुक्ता: आतेबहिणीसाठी दोन नावं घरात फिरतायत म्हणून विचारतेय. पहिला आपल्यातलाच, पत्रिका जुळली, घर दांडिया बाजारात, आत्या खूश. मग कळलं की त्याने शेअर ट्रेडिंगमध्ये पैसे घालवलेत, वर पर्सनल लोन काढलंय आणि त्याच्या बाबांना पत्ताच नाही, विचारलं तर म्हणे लग्न झाल्यावर सांगणारच होतो. दुसरा तिच्या लॅबमधला, कॅथलिक, फतेगंजला राहतो. याने विचारायच्या आधीच सांगितलं की आईचं डायलिसिस चालू आहे, पगारातला बराच भाग तिकडे जातो, घरबिर इतक्यात जमायचं नाही. आत्याचं म्हणणं, लोन फिटेल, धर्म थोडाच फिटतो? मला नाही पटत. स्वतःच्या तोट्याचं आधी सांगणारा माणूस कुठल्या धर्माचा आहे याने काय फरक पडतो?

रावपुरा_राव: लोन लपवणाऱ्याला नाही सांगा, त्यात वादच नाही. पण तो खोटारडा निघाला म्हणून धर्म बिनमहत्त्वाचा कसा ठरला ग? धर्म म्हणजे नुसतं देवळात जाणं नाही, बारसं करायचं की बाप्तिस्मा, गौरी कोण बसवणार, आपल्या माणसाचं शेवटचं कसं करायचं, हे सगळं येतं त्यात, आणि ते ऐन वेळी येतं जेव्हा कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

सूरसागर७१: ही भांडणं आपल्या-आपल्यातही होतात हो. माझ्या सासरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद, माहेरी श्रावणातसुद्धा चालायचा, दोन वर्षं भांडलो.

कमाटीबाग_वॉकर: आपल्याच बडोद्याच्या इंदिराराजे आठवा. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न १९११ साली त्यांनी स्वतः पत्र लिहून मोडलं. मराठा, हिंदू, तोलामोलाचं घराणं, सगळं जुळत होतं, फक्त नवऱ्या मुलाची एक बायको आधीच होती! १९१३ ला लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्रशी लग्न केलं, ते घराणं ब्राह्मो समाजाचं, म्हणजे मूर्तिपूजा न मानणाऱ्या बंगाली सुधारक पंथाचं. सयाजीरावांसारखा सुधारक बापसुद्धा तयार नव्हता.

रावपुरा_राव: अर्धीच गोष्ट सांगताय. घरच्यांना कूचबिहारवाल्यांची राहणीच खटकत होती. आणि जितेंद्र १९२२ मध्ये दारूपायी गेला, पदरात पाच मुलं, पुढे राज्य बाईंनीच सांभाळलं. प्रेमात असताना माणसाची पारख होतेच असं नाही.

मांडवीची_मुक्ता: म्हणजे शेवटी राहणीच आडवी आली ना, धर्म नाही? मग तुम्ही माझ्याच बाजूचे झालात राव 😀

रावपुरा_राव: थांब जरा. कॅथलिक मुलाला बाहेरच्या धर्मातल्या मुलीशी चर्चच्या नियमाने लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागते आणि मुलांचा बाप्तिस्मा करून त्यांना कॅथलिक म्हणून वाढवायला होईल ते सगळं करीन असं त्याला वचन द्यावं लागतं. परवानगीशिवाय नुसतं कोर्टात केलं तर चर्च ते लग्न धरत नाही, त्याला कम्युनियन, म्हणजे प्रार्थनेतला पवित्र प्रसाद, मिळत नाही. आता तुमचा मुलगा शब्दाचा पक्का आहे म्हणताय ना? मग तो हे वचन पाळणारच. लबाड असता तर सही करून विसरला असता! जितका माणूस खरा तितका त्याचा धर्म तुमच्या घरात येणार, हे लक्षात घ्या.

सूरसागर७१: हा मुद्दा बरोबर आहे, मानलं. पण म्हणून लबाड चालेल असं नाही ना होत.

वकील_वाघोडिया_रोड: कायद्याचं सांगतो. दोघांनी आपापला धर्म ठेवायचा तर स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४, ३० दिवसांची नोटीस, लग्नाला तीन साक्षीदार. नोटिशीवर हरकत कोणीही घेऊ शकतो पण वय, आधीचं लग्न, जवळचं नातं असल्याच मुद्द्यांवर, धर्म वेगळा ही हरकत होत नाही. मात्र हिंदू मुलीने ख्रिश्चन मुलाशी असं लग्न केलं की ती एकत्र कुटुंबातून वेगळी झाली असं धरतात आणि वारसा १९२५ च्या वारसा कायद्याने चालतो. वडिलांच्या एकत्र कुटुंबाचं काही असेल तर आधी बोलून घ्या. धर्म बदलणं ही अजून निराळी भानगड, त्यासाठी गुजरातमध्ये जिल्हा मॅजिस्ट्रेटपर्यंत जावं लागतं.

मांडवीची_मुक्ता: बहिणीने काल त्याला त्या वचनाचं विचारलं. तो म्हणाला, माहीत आहे, दिलं तर पाळावं लागेल म्हणून तुझ्याशी बोलल्याशिवाय देणार नाही, आणि आईला मात्र चर्चमध्येच लग्न हवंय. मला तर आणखीच आवडला.

रावपुरा_राव: मलाही. पण "आवडला" आणि "मुलं कॅथलिक वाढली तर चालेल" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, दुसरं तुझ्या बहिणीने म्हणायचंय. आणि आत्याला हे चर्चचं सांगितलंत का? की लग्न झाल्यावर सांगणार आहात?