मदत हवी आहे: इन्फ्लक्स या शब्दाचा अर्थ आणि मूळ

तळटीप
इन्फ्लक्सला नेमका मराठी शब्द हवा आहे. शब्दकोशात ओघ, लोंढा, आवक एवढंच सापडतं आणि यातलं एकही बसत नाही. शब्द मुळात कुठून आला तेही कळलं तर बरं. संध्याकाळपर्यंत हवं आहे. आगाऊ धन्यवाद.

निवांत
कशाचा इन्फ्लक्स? माणसांचा, पैशांचा, पाण्याचा? वाक्य द्या की.

शब्दखोर
लोंढाच. पुष्कळ माणसं एकदम आली की लोंढा. बातम्यांची भाषांतरं करण्यात हयात गेली, दुसरा शब्द कधी लागला नाही.

तटस्थ
लोंढा म्हटलं की आलेली माणसं नकोशी आहेत हे आपोआप सांगून होतं. आणि 'गुंतवणुकीचा लोंढा' लिहून बघा, कसं वाटतं ते. तिथे ओघ हवा. धरणात पाण्याची आवक. पेशीत कॅल्शियमचे आयन शिरतात त्यालाही इन्फ्लक्सच म्हणतात, तिथे 'अंतर्वाह' चालेल. संदर्भाशिवाय यातलं काहीही बरोबर आणि काहीही चूक.

धातुपाठी
मूळ लॅटिन. 'इन' म्हणजे आत, 'फ्लुएरे' म्हणजे वाहणे. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'इन्फ्लुक्सुस' आणि १६०० च्या आगेमागे इंग्रजीत इन्फ्लक्स. फ्लुइड, फ्लुएंट, अ‍ॅफ्लुएंट, कॉन्फ्लुअन्स ही सगळी भावंडं. इन्फ्लुअन्ससुद्धा! ताऱ्यांमधून काहीतरी अदृश्य द्रव खाली वाहतं आणि माणसाचं नशीब घडवतं अशी समजूत होती, तोच तो 'प्रभाव'. इटालियनमध्ये त्याचं रूप इन्फ्लुएन्झा. साथ पसरली की दोष ताऱ्यांना. इंग्रजीने रोगाचं नाव म्हणून तो १७४३ मध्ये उचलला.

जुनंतेसोनं
म्हणजे शेवटी संस्कृतच. प्लु धातू, प्लवते. प्लु, फ्लो, फ्लक्स. सरळ आपल्याकडून गेलेला शब्द आहे.

धातुपाठी
प्लु आणि फ्लो नात्यातले आहेत, मान्य. मूळच्या 'प'चा इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत 'फ' होतो: पितृ-फादर, पाद-फूट, तसंच हे. पण लॅटिनमध्ये 'प' जागचा हलत नाही, म्हणून तिथे पावसाला 'प्लुविया'. फ्लुएरेमधला 'फ' येतो 'भ'वरून, जसं भ्रातृ-फ्रातेर. अभ्यासक त्याचं मूळ 'भ्लेउ' असं मांडतात. तेव्हा फ्लो आणि फ्लक्स दिसायला जुळे, पण रक्ताचं नातं नाही. आणि आपल्याकडून कुणी काही नेलेलं नाही, प्लु आणि फ्लो या दोघांचा पूर्वज एक.

जुनंतेसोनं
तो पूर्वज कुणी पाहिलाय?

काळजीवाहू
जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका. पलंगाची उशाकडची बाजू थोडी उंच ठेवा. मला खूप फरक पडला.

निवांत
काका, ते रिफ्लक्स, जेवलेलं घशाशी येतं ते.

काळजीवाहू
कूळ एकच ना? मग झालं.

तळटीप
अहो, माणसं नाहीत, पैसे नाहीत, पेशी तर नाहीतच! अठराव्या शतकातलं प्रवासवर्णन आहे, हे काय सांगायचं. नदीच्या सरोवरातल्या इन्फ्लक्सजवळ एक गाव आहे, असं वाक्य आहे. गाव लोंढ्याजवळ कसं वसेल?

तटस्थ
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर पेशीत शिरावं लागलं नसतं. इथे इन्फ्लक्स ही क्रिया नाही, जागा आहे. नदी दुसऱ्या नदीला, सरोवराला किंवा समुद्राला जिथे मिळते त्या ठिकाणालाही पूर्वी इन्फ्लक्स म्हणत. आता हा अर्थ मागे पडला. 'मुख' लिहा.

शब्दखोर
संगम का नको? गोड शब्द आहे.

धातुपाठी
संगम म्हणजे कॉन्फ्लुअन्स, त्यातला 'कॉन' म्हणजे एकत्र. इथे एक पाणी दुसऱ्यात शिरतंय, बरोबरीचा मामला नाही.

शब्दखोर
नदी सागराला मिळते त्यालाही संगम म्हणतात आपल्यात. आणि मुख म्हटलं की वाचकाला उगम वाटेल, गोमुखाची सवय आहे लोकांना.

तटस्थ
हा मुद्दा खरा आहे. मग नामाचा हट्ट सोडा. 'नदी सरोवराला मिळते तिथे' असं सरळ लिहा, कुणी अडणार नाही.

तळटीप
तेच लिहून टाकलं. पुढच्याच ओळीत 'फ्लक्स'ने अर्धी माणसं आजारी पडली असं आहे. हाही नदीचाच प्रकार का?

धातुपाठी
जुलाब. रक्त पडत असेल तर आव. तिला ब्लडी फ्लक्स म्हणत.

काळजीवाहू
पाणी उकळून प्या.

निवांत
तळटीप, अख्खा परिच्छेद एकदाच टाका बघू.