मदत हवी आहे: उजनीच्या फुगवट्याची ड्रोनने छायाचित्रं

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. करमाळा तालुक्यातल्या उजनी धरणाच्या फुगवट्याची (धरणामागे पसरलेल्या पाण्याची) ड्रोनने छायाचित्रं काढायची आहेत. पाणी उतरलं की काठाला लांबवर चिखल उघडा पडतो, त्यावर गाळपेराचे, म्हणजे उघड्या गाळात पेरलेल्या पिकांचे, हिरवे पट्टे येतात. जमिनीवरून हे कळतच नाही आणि चिखलात पाय ठेववत नाही. हिवाळ्यापासून मृगापर्यंत एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून हा बदल टिपावा, अशी फार इच्छा आहे.

खरी काळजी रोहित पक्ष्यांची. उथळ पाण्यात चरणारा थवा ड्रोनच्या आवाजाने उठला, तर त्या फोटोला माझ्या लेखी किंमत नाही. तुम्ही थव्यापासून किती अंतर ठेवता? ड्रोन गावाकडूनच उंच चढवून मग पाण्यावर न्यावा का? ड्रोन नियमांतल्या हिरव्या क्षेत्रात (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) १२० मीटरपर्यंत मुभा आहे. तेवढ्या उंचीवरही ते बिचकतात का?

दुसरं, पाण्याची चमक. सकाळच्या तिरप्या उन्हात गाळाचा पोत सुंदर उठतो, पण कोन चुकला की अर्धी फ्रेम पांढरी. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावून काढलेली चित्रं नंतर जोडताना पाण्याचा रंग जुळतो का?

सेंटिनेल-२ ची मोफत उपग्रहचित्रं पाहून जागा हेरतोय, पण त्यातला एक ठिपका १० मीटरचा, पायवाटा दिसत नाहीत. केत्तूर, वाशिंबे, कुगावकडचं कुणी असेल तर गाडी कुठवर जाते आणि होडीसाठी कुणाकडे चौकशी करावी, तेवढं जरूर सांगा.