चार हजार जण ध्यानाला बसले म्हणून वॉशिंग्टनचे गुन्हे घटले?

कृष्णाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "सामूहिक ध्यानाने गुन्हे घटतात, अमेरिकेत सिद्ध झालंय." वाचून राहवेना. दाखला १९९३ चा. महर्षी महेश योगींच्या पद्धतीने ध्यान करणारे सुमारे चार हजार लोक जून-जुलैत वॉशिंग्टनला जमले. योगींच्याच विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॅगलिन यांच्या गटाने सांगितलं, हिंसक गुन्हे २३.३ टक्के घटले. घटले ते कशाच्या मानाने? तापमान वगैरे धरून केलेल्या गणितात जेवढे 'व्हायला हवे होते', त्या मानाने! गणित बदललं की टक्के बदलणार. त्या वर्षी शहरात खून झाले ४५४, आदल्या वर्षी ४४३.

पहाटवारा: आठ आठवड्यांच्या प्रयोगाला अख्ख्या वर्षाचे आकडे लावताय? उन्हाळ्यात मारामाऱ्या वाढतात, म्हणून तापमान धरलं. नसतं धरलं तर तुम्हीच ओरडला असता. बाबा गेले तेव्हा आमच्या घरात रोज भांडणं. आई आणि मी पहाटे बसायला लागलो, आठवड्यात घर निवलं. हे मी पाहिलंय.

रात्रपाळी: मुळात गुन्ह्यांचे आकडे खरे असतात का? गर्दीत माझ्या खिशात हात गेलेला मला जाणवला. ठाण्यात म्हटलं, चोरी लिहा. लिहून दिलं 'गहाळ'!

शेवंती: माझ्याही मोबाइलचं तेच. वर विचारतात, "तुम्हीच कुठे विसरला नाहीत ना?" तीन चकरा मारल्या.

रात्रपाळी: मी पाच. शेवटी सिमकार्डसाठी तोच गहाळचा दाखला घ्यावा लागला. चोरी कागदावर झालीच नाही.

कृष्णाकाठ: म्हणूनच मी खून धरले. प्रेत गहाळ दाखवता येत नाही. आणि पहाटवारा, दुःख आठवड्याने तसंही ओसरतं.

पहाटवारा: माझ्या बाबांच्या जाण्यावर तुम्ही बोलू नका.

कृष्णाकाठ: ते वाक्य मागे घेतो. मुद्दा नाही. तुमच्याच लोकांचं सूत्र आहे ना, लोकसंख्येच्या एक टक्क्याचं वर्गमूळ एवढे साधक पुरतात? बारा कोटींच्या महाराष्ट्राला अकराशेही लागत नाहीत. मग कुठल्या आठवड्यात बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मोजणाऱ्याला ते आठवडे सांगू नका. कुठला गुन्हा मोजायचा तेही आधी लिहून ठेवा.

पहाटवारा: चिठ्ठ्यांचं मान्य, नाइलाजाने. पण माणसं महिनामहिना आधी रजा टाकून, तिकिटं काढून येतात. चिठ्ठी निघाली नाही म्हणून हजार जणांना पहाटे ध्यान करू नका म्हणून कोण सांगणार? मी तरी ऐकणार नाही.