पंप हाऊसमागची पट्टी बालवाडीच्या बागेसाठी द्यावी का?

सचिव, ए-१०४:
सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या गल्लीतील बालवाडीच्या ताईंनी आपल्या पंप हाऊसमागची मोकळी पट्टी दिवाळीनंतर एप्रिलअखेरपर्यंत मुलांच्या बागेसाठी मागितली आहे. त्यांच्याकडे मातीचे अंगण नाही आणि आपल्या सोसायटीतील बरीच मुले तिथे जातात. रविवारच्या सभेपूर्वी आपापले मत येथे नोंदवावे, ही विनंती.

सी-३०२:
माझा विरोध नाही, परंतु शाळांमधील वृक्षारोपण बहुतेक वेळा छायाचित्रापुरते असते आणि उन्हाळा लागला की कुंड्या वाळून जातात, असाच अनुभव आहे. इथेही तेच होणार असेल, तर पाणी कशाला खर्च करायचे? लावायचेच असेल, तर नाशिकची ओळख म्हणून द्राक्षाचा एखादा वेल तरी लावावा.

बी-२०१:
काका, आपली शंका रास्त आहे. रोपवाटिकेतून फुललेला झेंडू आणून मुलाच्या हातात दिला, तर वाढ आधीच होऊन गेलेली असते आणि मुलाच्या वाट्याला केवळ त्याचे वाळणे येते. म्हणून मुलांच्या डोळ्यांसमोर उगवेल आणि शेवटी त्यांच्या पोटात जाईल, असेच लावावे, असे मी ताईंना सुचवले आहे.

सुरुवात मेथीने करावी. रात्रभर भिजवून पेरलेली मेथी काही दिवसांतच माती उचलते आणि साधारण महिन्याभरात खुडायला येते. चार वर्षांच्या मुलाला एवढाच धीर धरवतो. शेजारी हरभरा पेरावा. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यावर आंबट द्रव साठतो, त्यामुळे सकाळी पानांवरून बोट फिरवून जिभेला लावले की मुलाचा चेहरा लगेच आंबट होतो. पूर्वी शेतकरी पहाटे पिकावरून स्वच्छ फडके फिरवून ही आंब टिपून घेत आणि पोटदुखीवर वापरत. पुढे घाटे भरल्यावर सोलून खाताना घरातल्या डाळीचे आणि बेसनाचे मूळ हेच, हे मुलांना फारसे सांगावे लागणार नाही.

माझा खरा आग्रह मात्र कांद्यासाठी आहे. लासलगावचे भाव आपण रोज वाचतो, पण कांद्याचे बी कुठे येते, हे मोठ्यांनाही विचारून पाहावे. कोंब आलेला कांदा नोव्हेंबरमध्ये मातीत बसवला, तर थंडीनंतर तो पोकळ दांडा वर काढतो आणि त्याच्या टोकावर पांढऱ्या फुलांचा गोल गेंद येतो, तोच डोंगळा. मधमाश्या फिरल्या नाहीत तर त्यात बी नीट भरत नाही; म्हणून बीजोत्पादन करणारे शेतकरी शेतात मधपेट्या ठेवतात. काळे बी हातावर चोळून काढणे, हे काम मुलांना निश्चित आवडेल.

द्राक्षाला मांडव हवा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हवी, शिवाय भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांसाठी वरचेवर फवारणी करावी लागते, तीही लहान मुलांच्या हाताशी. त्यापेक्षा फेब्रुवारीत दिंडोरीकडच्या एखाद्या ओळखीच्या बागेत मुलांना नेऊन आणावे.

ए-४०३:
आजोबा, कल्पना मनापासून पटली, तरी एक काळजी वाटते. पान तोंडात घालून पाहायला शिकलेले मूल आपल्या कुंपणालगतच्या पिवळ्या कण्हेरीची बिट्टीही तोंडात घालेल. आपण लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो हे खरे, परंतु त्या बियांचे विष थेट हृदयावर परिणाम करते.

बी-२०१:
ताई, हा मुद्दा माझ्याकडून आला नव्हता आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बिट्टीचे झाड काढावेच, असे माझे मत आहे. त्याशिवाय 'मोठ्यांनी हातात दिल्याखेरीज काही चाखायचे नाही' हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. कोणते पान खायचे नाही, हेही त्याच बागेत शिकवता येते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात परिसरातील पाने, बिया आणि खडे हेच साहित्य असे. आपल्याकडे ते साहित्य कुंपणाच्या आत आहे, एवढाच फरक.

सी-३०२:
द्राक्षाचा आग्रह मागे घेतो. मात्र टाकीच्या पाण्यावर वेगळी नळी जोडू नये. मुले डब्यासोबत आणलेल्या बाटलीत उरलेले पाणी घालतील आणि सुट्टीच्या दिवशी पाळी लावून आपल्यापैकी कोणी तरी पाहील, अशी व्यवस्था असेल तर माझी संमती समजावी.

सचिव, ए-१०४:
बिट्टीचे झाड काढण्याचा आणि पाण्याच्या पाळीचा विषय रविवारच्या सभेपुढे ठेवतो. घरात कोंब आलेले कांदे टाकून न देता सुरक्षारक्षकांच्या खोलीबाहेरील टोपलीत आणून ठेवावेत. सडलेले मात्र ओल्या कचऱ्यातच टाकावेत.